उतारावर उभी राहणारी इमारत

लवासात दासवे येथे वरसगाव जलाशयाच्या काठावरून वर पाहिलं, की डोंगराच्या अंगावर टप्प्याटप्प्याने चढत गेलेल्या इमारती दिसतात. दृश्य देखणं आहे. पण अशी जमीन हाती आली की स्ट्रक्चरल इंजिनिअर आधी कॉलमच्या उंचीचा विचार करतो. डोंगराकडचे कॉलम आखूड, दरीकडचे लांब; आणि वरचा स्लॅब दोघांनाही बरोबरच हलवणार. कॉलमचा ताठपणा उंचीच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. त्याच मापाचा पण निम्म्या उंचीचा कॉलम आठपट ताठ असतो, म्हणून भूकंपाचा आठपट जोर ओढून घेतो. आखूड कॉलम दणकट दिसतो, पण आधी तडकतो तोच.

पुण्याजवळ भूकंपाची एवढी काळजी कशाला, असं वाटत असेल तर 11 डिसेंबर 1967 ची, कोयनेच्या भूकंपाची पहाट आठवावी. कोयनानगर याच सह्याद्रीत, दक्षिणेला आहे. आयएस 1893 या मानकाच्या 2016 च्या आवृत्तीत पुणे भूकंपक्षेत्र तीनमध्ये येतं.

भूकंपाच्या या जोरावरचा उपाय म्हणजे शिअर वॉल: पायापासून गच्चीपर्यंत सलग गेलेली, सळयांची जाळी घातलेली काँक्रीटची भिंत. फुटपट्टी सपाट बाजूने सहज वाकते, कडेच्या बाजूने वाकत नाही. भिंतीचं बळ तेच. 300 बाय 600 मिलिमीटरचा कॉलम आणि 200 मिलिमीटर जाडीची, 3 मीटर लांबीची भिंत घ्या. भिंतीला काँक्रीट लागतं साडेतीन पटींहून कमी. लांबीच्या दिशेने वाकण्याला तिच्या छेदाचा विरोध मात्र 80 पटींहून जास्त. आडव्या दिशेने ती दुबळीच, म्हणून भिंती दोन्ही दिशांना हव्यात.

उतारावर खरा कस लागतो तो जागा निवडताना. रस्ता वरच्या अंगाला, म्हणून प्रवेश तिथे, म्हणून लिफ्टचा डक्टही तिथेच. आखूड कॉलममुळे ती बाजू आधीच ताठ. त्यात डक्टच्या भिंतींची भर. मग धक्का बसला की इमारत त्या बाजूभोवती पिळवटते आणि दरीकडचे कॉलम सर्वांत जास्त झोके खातात. माझ्या मते अशा इमारतीत दरीकडच्या अंगाला, थेट पक्क्या खडकापर्यंत नेलेल्या शिअर वॉल असायलाच हव्यात. मागची माती अडवणारी भिंतही इमारतीपासून सुटी ठेवलेली बरी. नाहीतर मातीचा दाब कायमचा इमारतीच्या अंगावर येतो.

भिंत आहे एवढ्यानेही भागत नाही. 26 जानेवारी 2001 च्या भूजच्या भूकंपात केंद्रापासून 200 किलोमीटरहून दूर असलेल्या अहमदाबादेत खाली मोकळं पार्किंग असलेल्या अनेक इमारती कोसळल्या. काही ठिकाणी लिफ्टचा डक्ट स्लॅबशी नीट जोडलेलाच नव्हता. इमारत त्याच्यापासून निखळली. जोर भिंतीपर्यंत नेतो तो स्लॅब. तो सांधा कच्चा असेल तर भिंत नुसतीच उभी.

आयएस 13920 या मानकानुसार भिंतीची जाडी किमान 150 मिलिमीटर, आणि उभ्या-आडव्या दोन्ही दिशांना काँक्रीटच्या छेदाच्या किमान 0.25 टक्के पोलाद लागतं. भिंतीच्या दोन्ही टोकांना ताण-दाब सर्वाधिक असतो. तिथे गरजेप्रमाणे उभे गज वाढवून रिंगा जवळजवळ बांधतात. हल्ली अॅल्युमिनियम शटरिंगच्या टॉवरमध्ये फ्लॅटच्या आतल्या बहुतेक भिंतीही अशाच काँक्रीटच्या असतात. त्यामुळे एसीच्या पाइपसाठी किंवा नव्या दारासाठी ड्रिल लावण्याआधी सोसायटीकडून इमारतीचं स्ट्रक्चरल ड्रॉइंग मागवा आणि ते इंजिनिअरला दाखवा.