लाल रकाना काय सांगतो?

पूर्वी वर्गात बाई हजेरी घ्यायच्या तेव्हा नुसतं ‘हजर’ ऐकू यायचं नाही, समोरचं मूलही दिसायचं. कुणाचा चेहरा उतरलाय, कुणी वही आणली नाही, कुणी उपाशी आलंय, हे वेगळं सांगावं लागत नसे. ऑनलाइन शिक्षणात हे ‘दिसणं’च गेलं. त्याच्या जागी आला रिपोर्ट. कोण कधी आलं, कुठला धडा उघडला, स्वाध्याय दिला की नाही, गुण किती, सगळं एका तक्त्यात. जे झालं नाही तो रकाना लाल किंवा रिकामा. मैत्रिणींनो, हा तक्ता फक्त सरांनी बघायचा असं आपण धरून चालतो. पण तो आपण आयांनी, काकू-मावश्यांनीही वाचायला हवा, असं मला अनुभवाने वाटू लागलं आहे.

ही कल्पना काही आजची नाही. ‘मूडल’ ही जगभरच्या शाळा-कॉलेजांत वापरली जाणारी प्रणाली २००२ साली आली. ती तयार करणारे मार्टिन डुगियामास ऑस्ट्रेलियाच्या ओसाड, दूरच्या भागात वाढले आणि लहानपणी रेडिओवरून चालणाऱ्या शाळेत शिकले. गुरुजी दूर असले की मुलाला काय वाटतं, हे त्यांना चांगलंच ठाऊक होतं. आपल्याकडे २०१७ साली केंद्र सरकारचे ‘दीक्षा’ आणि ‘स्वयम्’ हे दोन मंच सुरू झाले. मग २०२० साली करोना आला, शाळा बंद झाल्या. त्या नोव्हेंबरात महाराष्ट्राने ‘स्वाध्याय’ हा उपक्रम व्हॉट्सअ‍ॅपवर आणला. मुलांनी दर आठवड्याला प्रश्न सोडवायचे, बरोबर-चूक तिथल्या तिथे कळायचं आणि किती मुलांनी सोडवले हे वरपर्यंत दिसायचं.

पण न सोडवणारं मूल कुठे होतं? ‘असर’च्या २०२१च्या पाहणीत देशातल्या ग्रामीण भागात शाळेत जाणाऱ्या सुमारे ६८ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. मात्र अशा घरांतल्याही साधारण चौथ्या हिश्श्याच्या मुलांना तो हाताळायला मिळतच नव्हता. म्हणजे घरात फोन आहे, पण मुलाच्या हातात नाही. तक्त्यात मात्र दोन्ही मुलं सारखीच, गैरहजर!

आमचं डोलवी पेण तालुक्यातलं. एकीकडे धरमतरची खाडी आणि भातशेती, दुसरीकडे पोलादाचा मोठा कारखाना. इथल्या कितीतरी घरांचं घड्याळ कारखान्याच्या पाळीवर चालतं. घरातला कर्ता पुरुष पहिल्या, दुसऱ्या की रात्रपाळीला, त्यावर जेवण, झोप, पाहुणे सगळं ठरतं. मुलांचा अभ्यासही त्यावरच ठरतो, हे मात्र मला रिपोर्टनेच शिकवलं.

आम्ही काही जणी मुलींसाठी संध्याकाळी अभ्यासिका चालवतो. तिथे येणाऱ्या एका कॉलेजकन्येने ‘स्वयम्’वरचा बारा आठवड्यांचा अभ्यासक्रम घेतला होता. त्यात साप्ताहिक स्वाध्यायांना २५ गुण आणि शेवटच्या परीक्षेला ७५. बारांपैकी सर्वांत चांगले आठ स्वाध्याय धरतात. म्हणजे चार चुकले तरी चालतं, पाचव्याला मात्र माफी नाही. तिच्या सरांकडे मुलांच्या गुणांचा आठवडावार तक्ता येई. नवव्या आठवड्यात तो तिने मला दाखवला. तीन रकाने रिकामे. ‘‘हिचं काही लक्ष नाही, त्यापेक्षा स्थळं बघायला घ्या,’’ असं घरी कुणीतरी सुनावलंही होतं. मुलगी रडवेली झालेली.

मी तक्ता पुन्हा पाहिला. रिकामे आठवडे होते दुसरा, पाचवा आणि आठवा. बरोबर दर तिसरा! आळस काही असा कॅलेंडर बघून येत नाही. मी विचारलं, ‘‘अगं, या आठवड्यांत असतं तरी काय?’’ ती म्हणाली, ‘‘काकी, तेव्हा बाबांची दुसरी पाळी असते. सकाळी मी कॉलेजात, दुपारी फोन बाबांसोबत कामावर. रात्री अकराला फोन घरी येतो तेव्हा दिवसाचा डेटा संपलेला असतो.’’

झालं, उत्तर मिळालं! अकराव्या आठवड्यात पुन्हा दुसरी पाळी येणार होती. अभ्यासिकेत आम्ही एक जुना पण चालू फोन ठेवला, त्यात रिचार्ज केला. तिच्या आईशी बोलले. वहिनी म्हणाल्या, ‘‘मला वाटलं पोरगी खोटं बोलते.’’ तक्ता त्यांच्या पुढ्यात ठेवून मी तिन्ही रकान्यांवर बोट ठेवलं. त्यानंतर स्थळांचा विषय मागे पडला. मुलीने अकरावा स्वाध्याय वेळेत दिला, परीक्षा दिली आणि प्रमाणपत्रही मिळवलं.

रिपोर्ट वाचताना म्हणूनच चार गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. एक, शेवटचं कधी आलं ते आधी पाहा. नेहमी येणारं मूल आठवडाभर दिसलं नाही तर परीक्षेची वाट न पाहता त्याच आठवड्यात घरी फोन करा. दोन, चुकण्यात काही ठेका आहे का ते शोधा. पाळी, लावणी, बाजार, धाकट्या भावंडाला सांभाळणं, काहीतरी सापडतंच. तीन, किती मिनिटं घालवली या आकड्यावर फार विसंबू नका. धडा उघडा ठेवून मुलगी भाकऱ्या थापत असते, आणि मैत्रिणीच्या फोनवर दोघी मिळून शिकतात तेव्हा नोंद एकीचीच होते. चार, एकच प्रश्न सगळ्यांचा चुकला असेल तर मुलांना बोलू नका. तो धडा पुन्हा शिकवायला हवा, असं सरांना सांगा.

आणखी एक, हे तक्ते गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कधीही टाकू नयेत. लाल रकान्यांची यादी चारचौघांत फिरली की मूल अभ्यासाला लागत नाही, तोंड लपवायला लागतं. २०२३ सालच्या वैयक्तिक माहितीच्या कायद्यातही अठरा वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती घ्यायला सांगितलं आहे. ज्याचा तक्ता त्यालाच आणि त्याच्या घरी दाखवावा.

यंत्र फक्त ‘आली नाही’ एवढं सांगतं. ‘का आली नाही’ हे विचारायला उंबरठा ओलांडून कुणीतरी जावंच लागतं. हे काम आपल्याला नवं नाही. शेजारच्या घरी दोन दिवस चूल पेटली नाही तर आपण विचारायला जातोच ना? मग पुढच्या वेळी पालकसभेला गेलात की सरांना नुसते गुण विचारू नका. ‘‘माझ्या मुलीचा आठवडावार तक्ता दाखवा,’’ असं म्हणा. आणि त्यात लाल रकाना दिसला, तर मुलीला रागवण्याआधी त्या आठवड्यात घरात काय चाललं होतं ते आठवून बघा.