‘खांदा धरलाय’ म्हणजे नेमके काय?

‘खांदा धरलाय’ हे मराठीतले फार सोयीचे वाक्य आहे. माळ्यावरचा डबा काढता येईना, वेणी घालता येईना, कुशीवर झोप लागेना, की आपण ते म्हणून मोकळे होतो. अस्थिरोगतज्ज्ञ म्हणून हे वाक्य मला काळजीत टाकते. कारण त्यात किमान तीन निरनिराळे विकार दडलेले असतात.

खुब्याचा गोळा खोल वाटीत बसतो. खांद्याची खोबण मात्र बशीसारखी उथळ. त्यामुळे हात चौफेर फिरतो, पण गोळा जागेवर राखण्याचे काम सांध्याचे आवरण आणि चार स्नायूंच्या कंडरा (‘रोटेटर कफ’) यांच्यावर पडते. आवरण आखडते, कंडरा फाटते किंवा गोळाच निखळतो.

आखडण्याला ‘फ्रोझन शोल्डर’ हे नाव बोस्टनच्या अर्नेस्ट कॉडमन यांनी १९३४ साली दिले. दोष जाड होऊन आकसलेल्या आवरणात आहे, हे ज्यूलियस नेव्हियाझर यांनी १९४५ मध्ये दाखवले. आज मात्र हे नाव कुठल्याही दुखऱ्या खांद्याला चिकटवले जाते.

पहिली तपासणी यंत्राविना होते. रुग्णाने हात स्वतः उचलायचा. मग सैल सोडायचा आणि तो मी उचलायचा. दोन्ही वेळा अडला, कोपर कुशीला टेकवून बाहेरही वळेना, तर आवरण आखडल्याची शक्यता मोठी. माझ्या आधाराने वर जातो, पण सोडताच खाली पडतो, तर कंडरा फाटल्याचा संशय घ्यावा. सोनोग्राफी किंवा एमआरआयने तो तपासता येतो. एक्स-रे मात्र आधी हवाच. अपस्माराच्या झटक्याने किंवा विजेच्या धक्क्याने खांदा मागे निखळला, तरी हात बाहेर वळत नाही, आणि समोरून काढलेल्या एक्स-रेत ते निसटू शकते. म्हणून दुसऱ्या कोनातूनही चित्र घ्यावे लागते.

फ्रोझन शोल्डर बहुधा चाळिशी ते साठीत होतो, मधुमेहींना अधिक. सुरुवातीला सांध्यात स्टेरॉइडचे इंजेक्शन वेदना कमी करते. मात्र मधुमेहींची साखर त्याने काही दिवस वाढू शकते. पुढे सोसेल इतकाच व्यायाम. जोराने ओढून दुखणे वाढते. बहुतेकांचा खांदा एक ते तीन वर्षांत बराच सुटतो.

झिजून फाटलेल्या कंडरेला, विशेषतः उतारवयात, अनेकदा व्यायाम पुरतो. पण दिवाळीच्या साफसफाईत स्टुलावरून पडून ती फाटली, तर वेळ मोलाचा. महिने लोटले की स्नायू आकसतो, त्यात चरबी भरते आणि शिवण धरत नाही. निखळलेला खांदाही घरी ओढून बसवू नये. सोबत हाड मोडलेले किंवा नस दबलेली असू शकते.

धीर धरणे हा आखडलेल्या खांद्याच्या उपचाराचा भाग आहे. अपघाताने फाटलेल्या कंडरेचे मात्र त्याने नुकसान होते. म्हणून पडल्यानंतर हात उचलेनासा झाला, तर ‘धरलाय, सुटेल’ म्हणत थांबू नये.