मोत्याचा जमाखर्च

आमच्या घरात कुत्रा पाळायचा नाही, हा ठराव गेली तीस वर्षं बिनविरोध मंजूर होत होता. मांडणारा मी, अनुमोदन देणाराही मीच. गेल्या आषाढात तो फेटाळला गेला. आठ वर्षांच्या नातीने इमारतीमागच्या सिमेंटच्या पाइपातून एक भिजलेलं पिल्लू फ्रॉकच्या ओच्यात घालून वर आणलं आणि म्हणाली, "आबा, याची आई दोन दिवस आलीच नाही." यावर काय बोलणार?

नातीला 'सिम्बा' नाव हवं होतं. माझी आई, वय वर्षं नव्वद, कॉटवरूनच म्हणाली, "मोत्या." वाईजवळच्या तिच्या माहेरी कुत्रा म्हणजे मोत्याच, मग तो तव्यासारखा काळा का असेना. नाव मोत्या ठरलं. दोन तासांत मोत्याने हॉलमध्ये तीन आणि देवघरासमोर एक अशी चार ठिकाणं ओली केली.

मुलगा आणि सून ऑफिसात, नात शाळेत, सौ.ची गुडघेदुखी. निवृत्त माणूस हा घरातला शिपाई असतो. पस्तीस वर्षं बँकेत काढून मी शेवटी शाखाधिकारी म्हणून बाहेर पडलो होतो. आता फडकं आणि बादली माझ्याकडे आली.

सल्ला द्यायला मात्र सगळे हजर. दूधवाल्यापासून सोसायटीच्या सेक्रेटरीपर्यंत प्रत्येकाचा उपाय एकच: "त्याचं नाक त्यात घासा, साहेब. पुन्हा करणार नाही." सांगायला लाज वाटते, पण मी दोनदा ते केलं. परिणाम एवढाच झाला, की मोत्या माझ्यासमोर शू करेनासा झाला. सोफ्यामागे जाऊन करू लागला.

लसीसाठी नेलं तेव्हा डॉक्टरीणबाईंना हे सांगितलं. वयाने त्या माझ्या सुनेएवढ्या. म्हणाल्या, "काका, त्याला काय कळलं सांगू? शू करणं वाईट असं नाही कळलं. तुमच्यासमोर करणं धोक्याचं, एवढं कळलं. आता बाहेर नेलंत तरी तुमच्यासमोर तो करेल का?"

मग त्यांनी जे सांगितलं ते मला नवं होतं. पिल्लू जन्मतं तेव्हा त्याला आपणहून शू-शी करता येत नाही. आई चाटते तेव्हा होते, आणि जागा स्वच्छही तीच करते. तीनेक आठवड्यांचं झालं, चालू लागलं, की ते आपल्या निजायच्या जागेपासून दूर जाऊन करू लागतं. म्हणजे घर घाण करू नये ही समज पिल्लाला निसर्गानेच दिलेली असते. प्रश्न एवढाच, की घर कुठे संपतं? दोन वीत लांबीच्या जिवाला आमचा तीन खोल्यांचा फ्लॅट म्हणजे अख्खा तालुका. त्याच्या हिशेबी देवघर हे गावाबाहेरचं माळरानच होतं! म्हणून आधी घर लहान करायचं. त्याचं अंथरूण, पाणी आणि आपली नजर एका कोपऱ्यात ठेवायची. तिथे सवय मुरली की घर एकेका खोलीने मोठं करत न्यायचं.

आईच्या माहेरी हा प्रश्न कधी आलाच नसावा. मोत्या ओसरीच्या पायरीखाली निजे आणि पुढे सगळं शिवारच होतं. फरशी चकचकीत झाली, दार बंद राहू लागलं, जिना आला, तेव्हा कुत्र्याला शिकवायची वेळ आली.

दुसरी गोष्ट दमाची. पिल्लू जितक्या महिन्यांचं, त्यात एक मिळवायचा. साधारण तितके तास ते जागेपणी कळ काढू शकतं, तेही फार तर. मोत्या दोन महिन्यांचा. म्हणजे तीन तास ही कमाल मर्यादा, आणि खेळण्यात असेल तर तीही नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वेळा लिहून ठेवा." हे वाक्य माझ्यासाठीच होतं.

जुन्या डायरीत मी खातं उघडलं. डाव्या बाजूला जमा: खाणं, पाणी. उजव्या बाजूला खर्च: शू, शी, वेळ आणि ठिकाण. चार दिवसांत चित्र स्पष्ट झालं. झोपेतून उठला की लगेच, खेळ थांबला की लगेच, आणि खाल्ल्यावर दहा-पंधरा मिनिटांत. यातलं शेवटचं तर आपल्यालाही लागू आहे; पोटात अन्न पडलं की आतडी कामाला लागतात. वेळेवर खायला घातलं तर वेळेवर बाहेर नेता येतं. दिवसभर भांड्यात दूध-पोळी ठेवून द्यायची आमची पद्धत सौ.ने त्याच दिवशी बंद केली.

पण न्यायचं कुठे? लशी पूर्ण व्हायला पिल्लू चार महिन्यांचं व्हावं लागतं आणि तोवर भटक्या कुत्र्यांच्या वाटेवर त्याला सोडायचं नाही. पार्व्हो नावाचा विषाणू १९७८च्या सुमाराला जगाच्या ध्यानात आला. तो पिल्लांचा काळ आहे, आणि मातीत महिनोन् महिने टिकतो. शेवटी जनरेटरमागची कुंपणातली, फाटकाला कडी असलेली गवताची पट्टी ठरली. सेक्रेटरींनी कपाळाला आठ्या घातल्या. मी त्यांना प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५च्या सूचना दाखवल्या. सोसायटीला कुत्रा पाळायला बंदी घालता येत नाही, असं त्यांत आहे. त्यांनी त्यातलाच मालकाने घाण उचलण्याबद्दलचा भाग मला दाखवला. दोघेही खूश झालो. तेव्हापासून खिशात रुमालाबरोबर जुना पेपर असतो.

आमचा तिसरा मजला, लिफ्ट नाही, चोपन्न पायऱ्या. पहिल्या दिवशी मोत्याला पायांनी उतरू दिलं. दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी नुकतीच काढलेली रांगोळी त्याला पसंत पडली. त्यानंतर आठ-दहा आठवडे तो कडेवरून खाली गेला.

भर पावसात पहाटे पाच वाजता एका हातात छत्री, दुसऱ्या हातात पट्टा, आणि तोंडाने "शू कर, मोत्या, शू कर" असा जप करणारा माजी शाखाधिकारी पाहून पेपरवाला सायकलवरून उतरला होता. पण तो शब्द लागतो. रोज तीच जागा, तेच शब्द. काम झालं की तिथल्या तिथे, त्याच क्षणी शाबासकी आणि पनीरचा बारीक तुकडा. मी आधी हे बक्षीस वर घरी आल्यावर देत असे. मोत्याची समजूत झाली, की जिना चढल्याचं पनीर मिळतं. दुसरी चूक म्हणजे काम झालं रे झालं की मी त्याला उचलून वर आणायचो. मग शू केली की मजा संपते हे त्याने ओळखलं आणि तो उगाच वेळ काढू लागला. आता काम झाल्यावर पाच मिनिटं हुंदडू देतो.

घरात सांडलेलं नुसतं फिनेलने पुसून भागत नाही. आपल्याला फिनेलचा वास येतो, त्याला त्याखालचा जुना वास येतो, आणि तो सांगतो की जागा हीच. अमोनियावाली औषधं तर त्याहून वाईट, कारण लघवीलाही तोच दर्प. एन्झाइमचं क्लीनर मिळतं, ते वास मुळातून मोडतं. सुनेने ते मागवल्यापासून देवघर सुटलं.

पाचव्या आठवड्यात डायरीतला घराच्या आतला खर्च शून्यावर आला. सलग सहा दिवस. मी नातीला सही करून 'उत्तीर्ण' लिहून दाखवलं.

सातव्या दिवशी सकाळी सहा वाजता बाथरूमच्या अलीकडे, पॅसेजमध्ये, भलं मोठं ओलं. माझं डोकं फिरलं. मोत्याला पुढ्यात घेतलं आणि आवाज चढवला. त्याने कान पाडले, शेपूट पोटाखाली घेतलं, नजर चुकवली आणि सरपटत माझ्या पायाशी आला. "बघा," मी सौ.ला म्हणालो, "चेहऱ्यावर लिहिलंय. त्याला सगळं कळतं."

आतून आईचा आवाज आला. "त्याला बोलू नकोस. ते माझं आहे."

मी फडकं हातात घेऊन तसाच उभा राहिलो. डायरी टेबलावर उघडीच होती: ५.१०, शू, खाली, गवतावर. खातं जुळत होतं. मी पाहिलं नव्हतं.

आई भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "पाय पोचेपर्यंत थांबतच नाही रे. काल पण झालं होतं. मी पदराने पुसलं." मग जरा वेळाने, "त्याला कळत नाही, ते बरं आहे."

न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजात अलेक्झांड्रा होरोविट्झ या बाईंनी याच विषयावर केलेला एक प्रयोग २००९ साली प्रसिद्ध झाला. चौदा कुत्री, त्यांचे मालक आणि एक खाऊ. मालकाने खाऊला तोंड लावायची मनाई करून खोलीबाहेर जायचं. परत आल्यावर कुत्र्याने खाऊ खाल्ला की नाही हे त्याला सांगितलं जाई, कधी खरं, कधी खोटं. अपराधी चेहरा केव्हा दिसला? कुत्र्याने खाल्लं होतं तेव्हा नव्हे, मालक रागावला तेव्हा. आणि ज्यांनी खाल्लंच नव्हतं, तरी बोलणी बसली, त्यांचे चेहरे सर्वांत अपराधी दिसले. सुनेने हे मला त्याच आठवड्यात वाचून दाखवलं. मुद्दाम की सहज, ते मी विचारलं नाही.

मला आमच्या एका शाखेतला तरुण कॅशियर आठवला. एका संध्याकाळी रोकड पाच हजारांनी कमी भरली. मी सगळ्यांसमोर विचारलं, तेव्हा त्याला घाम फुटला, मान खाली गेली. मी मनाशी निकाल देऊन टाकला आणि मेमोचा मसुदाही केला. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता एक चुकीचं व्हाउचर माझ्याच ट्रेमध्ये सापडलं. मेमो फाडला. त्याची माफी मागितली का? "ठीक आहे, मिळाला फरक," एवढंच म्हणालो होतो.

त्या दिवशी पॅसेज पुसला. आईचं लुगडं सौ.ने बदललं. आईने दोन दिवस चहा नको म्हटलं, पाणीही मोजून प्यायली. ते डॉक्टरीणबाईंच्या कानावर घातलं, तर त्या म्हणाल्या, पिल्लाचंही पाणी तोडायचं नसतं, वेळा वाढवायच्या असतात. पण आजींसाठी तुमच्या डॉक्टरांना दाखवा. दाखवलं. मूत्रमार्गाचा संसर्ग निघाला, औषधाने बराचसा उतरला. उरलं ते वय.

मोत्याला मोठा होऊन बाहेर जायचं सांगता यावं म्हणून नातीने दाराच्या कडीला सुतळीने एक घंटा बांधली होती. दर वेळी बाहेर पडताना आम्ही त्याचं नाक तिला लावायचो. तिसऱ्या आठवड्यात तो आपणहून वाजवू लागला. अधूनमधून नुसता फिरायला जायला वाजवतो, लबाड आहे. आई हे सगळं पाहत होती. एका रात्री जेवताना म्हणाली, "देवघरातली जुनी घंटा माझ्या उशाशी ठेव. हाक मारली की अख्खी चाळ उठल्यासारखं होतं."

आता रात्री दोनच्या सुमाराला घंटा वाजते. पितळी असेल तर आधी पॅसेजमधला दिवा लावतो आणि आईला हात देतो. तोवर मोत्या जागा होऊन दाराची वाजवतो. आई पलंगावर टेकता टेकता म्हणते, "जा, त्याला घेऊन जा. छत्री ने."