सरळ उडणारा बाण

१९११ साली कॅलिफोर्नियातल्या ऑरोव्हिल गावाजवळ उपासमारीने खंगलेला एक माणूस सापडला. तो याही जमातीचा. त्याची सगळी माणसे गोऱ्या वसाहतवाल्यांच्या बंदुकांनी, रोगांनी आणि भुकेने संपली होती. इशी या नावाने तो पुढे ओळखला गेला. सॅन फ्रान्सिस्कोच्या विद्यापीठ संग्रहालयात त्याला आसरा मिळाला आणि १९१६ मध्ये क्षयाने तो गेला. संग्रहालयाशेजारच्या वैद्यकीय महाविद्यालयातले शल्यविशारद सॅक्स्टन पोप त्याच्यावर उपचार करत होते. बघता बघता ते धनुर्विद्येत त्याचे शिष्य झाले. त्यांनी १९२३ साली धनुष्यबाणाच्या शिकारीवर पुस्तक लिहिले आणि अमेरिकेतल्या आधुनिक धनुष्यशिकारीला त्यातून वळण लागले. १९३४ मध्ये विस्कॉन्सिन राज्याने हरणांसाठी धनुष्याचा वेगळा हंगामच जाहीर केला.

इशी बाण कसा करायचा, हे पोप यांनी शल्यविशारदाच्या नजरेने टिपून ठेवले आहे. हेझलच्या सरळ डहाळ्या तोडून, सोलून, वाळवायच्या. निखाऱ्यावर शेकत अंगठ्याने दाबून बाक काढायचा. मग वालुकाश्माच्या दोन तुकड्यांत धरून काडी गुळगुळीत करायची. पुढच्या टोकाला वेगळ्या, जड आणि टणक लाकडाचा वीतभर तुकडा बसवायचा. त्यासाठी भोक पाडायची त्याची रीत अशी, की हाडाची टोकदार सळी पायाच्या बोटांत उभी धरायची आणि काडी तिच्यावर टेकवून दोन्ही तळव्यांत घुसळायची. तुकडा आत बसला, की वरून ओला स्नायुतंतू गुंडाळायचा. तो वाळला की आवळून बसतो. टोकाला ज्वालामुखी काच, आणि शहरात आल्यावर बाटल्यांची काच.

या बाणाचे वजन पुढे झुकलेले, काडी सरळ आणि टोकाला धार. आजचा शिकारी हजारो रुपयांचे कार्बनचे बाण घेऊन नेमके हेच साधायला बघतो.

गोळी आणि बाण यांचे काम वेगळे आहे. मोठ्या शिकारीच्या रायफलची गोळी साडेतीन हजार ज्यूलहून अधिक ऊर्जा घेऊन जाते. ताकदवान कंपाउंड (टोकांना चाके असलेल्या) धनुष्याच्या बाणाजवळ शंभरएक ज्यूल असतात. एवढ्याने तीनशे किलोचा एल्क धक्क्याने कोसळत नाही. बाण फुप्फुसे आरपार कापतो, रक्तदाब पडतो आणि जनावर काही सेकंदांत शुद्ध हरपते. पाते बोथट असेल, बाण तिरका घुसला किंवा खांद्याच्या हाडावर अडला, तर तेच जनावर तासन्‌तास तडफडते. बाण जुळवण्याच्या सगळ्या खटपटीला हौसेपलीकडचे मोल येते ते इथे. आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने वन्यजीवांना संरक्षण आहे, ते तसेच राहावे असे मला मनापासून वाटते. पण जिथे ही शिकार कायदेशीर आहे, तिथे ती करणाऱ्याने आधी बाण नीट करावा, ही अपेक्षा रास्तच आहे.

दोरी सुटली की बाण सरळ निघत नाही, आधी वाकतो. मागून जोर येतो, पुढचे वजन जागचे हलायला वेळ घेते आणि मधली काडी लवते. मग ती उलट बाजूला लवते, असे हेलकावे खात बाण धनुष्याला वळसा घालून बाहेर पडतो. १९३० च्या दशकात क्लॅरेन्स हिकमन यांनी अतिवेगवान कॅमेऱ्याने हे टिपले, तेव्हा धनुर्धरांचा जुना तर्क डोळ्यांना दिसला. काडी किती लवते त्याला स्पाइन म्हणतात. ७१ सेंटिमीटर अंतरावरच्या दोन आधारांवर काडी ठेवून मध्ये ८८० ग्रॅम टांगतात, ती ०.३ इंच लवली तर तिचा आकडा ३००. आकडा लहान, तितकी काडी ताठ. काडी कापून आखूड केली की ती ताठ वागते, टोकाला वजन वाढवले की लवचीक. म्हणून एक गोष्ट बदलली की दुसरी हलते, आणि नवखा माणूस इथेच वैतागतो.

बांधणीत खरे कसब कापण्यात आहे. कार्बनची नळी वेगाने फिरणाऱ्या चकतीने कापतात. ती धूळ फुप्फुसाला घातक, म्हणून तोंडावर मास्क हवाच. मग कापलेली कड पॉलिश कागदावर अगदी काटकोनात घासायची. कड तिरकी राहिली तर आत चिकटवलेली धातूची बैठक तिरकी बसते, आणि तिच्यावरचे पातेही. बाण रोलरवर ठेवून फिरवला, की पात्याचे टोक स्थिर दिसले पाहिजे. ते भोवऱ्यासारखे डुलले तर तो बाण रानात न्यायचा नाही. पिसे टर्कीची लावली तर एका बाणाची तिन्ही पिसे एकाच बाजूच्या पंखातली हवीत, कारण डाव्या आणि उजव्या पंखातल्या पिसांची वळणे उलटी असतात. रुंद पाते हवेत पुढच्या पंखासारखे वागून बाणाला भरकटवू बघते. मागची वळणदार पिसे बाण फिरवून त्याला ताब्यात ठेवतात.

जुळवणीची पहिली परीक्षा कागदाची. चौकटीत ताणलेल्या कागदातून दोनेक मीटरवरून बाण सोडायचा. तीन पिसांचे स्वच्छ भोक पडले तर ठीक. कागद वर किंवा खाली फाटला, तर दोरीवरची बाणाची खाच लावायची जागा हलवायची. पुढे बिनपिसांचा बाण पिसांच्या बाणाशेजारी लागतो का ते बघायचे. शेवटी पाते लावलेला बाण आणि सरावाच्या टोकाचा बाण एकाच जागी लागले पाहिजेत. पात्याचा बाण डावीकडे गेला तर बाण टेकायची बैठक केसभर उजवीकडे.

वजनावरून मात्र शिकाऱ्यांत कडाक्याचे वाद आहेत. दक्षिण आफ्रिकेत १९८० च्या दशकात एड अ‍ॅशबी यांनी बाणांच्या भेदनशक्तीचा अभ्यास सुरू केला. जाड हाड फोडायचे तर बाण साधारण ६५० ग्रेनचा, म्हणजे ४२ ग्रॅमचा असावा, असे त्यांचे म्हणणे. शिवाय वजन पुढे हवे. सत्तर सेंटिमीटरच्या बाणाचा तोल खाचेपासून ४५ सेंटिमीटरवर साधला, तर तो मध्यापासून १० सेंटिमीटर पुढे, म्हणजे १४ टक्के. अ‍ॅशबींना याहून बरेच जास्त हवे.

हिशेब करून बघा. तेच धनुष्य साधारण १०६ ज्यूल देते असे धरले, तर २९ ग्रॅमचा बाण सेकंदाला ८५ मीटर जातो आणि ४२ ग्रॅमचा ७१ मीटर. जड बाणाचा संवेग वीस टक्के जास्त, पण हवेचा अडसर सोडला तरी छत्तीस मीटरवर तो १२६ सेंटिमीटर खाली येतो आणि हलका ८८. अंतराचा अंदाज चुकला तर जड बाण जास्त शिक्षा देतो. वेगाची बाजू घेणारे म्हणतात, हरणाला सावध व्हायला वेळ मिळत नाही. मला हे पटत नाही. दोरीचा आवाज छत्तीस मीटर एका सेकंदाच्या नवव्या हिश्शात कापतो; हलक्या बाणाला ०.४२ सेकंद लागतात, जडाला ०.५१. दोन्ही वेळा आवाज खूप आधी पोचतो, आणि दचकलेले हरीण पळण्यासाठी आधी खाली दबते. जड बाणाने निदान धनुष्य कमी वाजते. हाडाची शक्यता धरूनच बाण करावा, आणि अंतर कमी ठेवावे. वीस मीटरवर दोन्ही बाणांतला फरक बारा सेंटिमीटरही उरत नाही.

आरपार गेलेला बाण उचलून वाचायचा असतो. गुलाबी, फेसाळ रक्त म्हणजे फुप्फुस. थोडे थांबून माग काढायचा. गडद रक्त यकृताचे, तिथे काही तास थांबावे लागते. हिरवट चोथा आणि घाण वास आला तर बाण आतड्यात गेला. आठ-दहा तास त्या दिशेला जायचे नाही, कारण उठवलेले जनावर कोसभर पळून हरवते. काडी तुटलेली असेल तर सगळे तुकडे जुळवून बघायचे. कार्बनचे तंतू मांसात राहिले तर जखमेभोवतीचा भाग काढून टाकावा लागतो. काडी शाबूत असेल तर धुवायची, कानाशी धरून वाकवून तडकल्याचा आवाज येतो का ऐकायचे, पात्याला नव्याने धार लावायची आणि बाण पुन्हा रोलरवर फिरवायचा.