लाकडाचे लेणे

महाराष्ट्रात लाकडाचा दागिना म्हटला की आधी डोळ्यांपुढे येते ती तुळशीची माळ. माळकऱ्याला तिला दागिना म्हटलेले रुचणार नाही. ती गळ्यात घालायची ती वारी, एकादशी आणि मद्यमांसाचा त्याग हे नेम पाळण्यासाठी, मिरवण्यासाठी नव्हे. पण कारागिराच्या बाजूने पाहिले तर ती अस्सल दागिनाच आहे. तिचा प्रत्येक मणी कातलेला, विंधलेला, मापाने निवडलेला आणि गाठवलेला असतो. सोन्याच्या दागिन्यापासून तिला वेगळे करणारी गोष्ट एकच. सोन्यात मुख्य किंमत धातूची आणि घडणावळ तिच्यावर चढवलेली. लाकडात कच्चा माल नाममात्र किमतीचा आणि जवळजवळ सगळी किंमत घडणावळीचीच. लाकडी दागिने घडवणाऱ्याचा संसार या एका हिशेबावर चालतो, आणि बहुतेक वेळा त्याच हिशेबापायी अडतो.

जळगावला सुवर्णनगरी म्हणतात. तिथल्या सराफ बाजारात दागिना ही अडीनडीची ठेव असते; प्रसंगी तो मोडता येतो, गहाण टाकता येतो. त्याच जिल्ह्यात भुसावळजवळच्या दीपनगर वीज केंद्रावरून महामार्गाने पूर्वेला निघाले की वरणगाव लागते आणि पुढे मुक्ताईनगर, म्हणजे जुने एदलाबाद. मुक्ताबाई १२९७ मध्ये तापीकाठच्या या परिसरात अंतर्धान पावल्या अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. इथून ज्येष्ठात निघालेली मुक्ताईची पालखी सुमारे महिनाभर चालत आषाढीला पंढरपूर गाठते. अमळनेरच्या सखाराम महाराज संस्थानाची वारीही तिकडेच जाते. परतणाऱ्या वारकऱ्याच्या पिशवीत बुक्का, चुरमुरे आणि नवी माळ असते. सोन्याच्या पेठेच्या जिल्ह्यात लाकडाचा मणी असा दरवर्षी पंढरपुराहून येतो. त्याला मोड नाही, गहाणवट नाही. तुटला तर मात्र घरात खळबळ उडते, कारण माळ पुन्हा गाठवून गळ्यात पडेपर्यंत अन्न न घेणारे माळकरी आजही आहेत.

पंढरपुरात या माळा घडवणारी मंडळी मुख्यत्वे काशीकापडी समाजाची. हे काम कारखान्यात नव्हे, घराच्या ओसरीत किंवा पुढच्या खोलीत चालते आणि घरातले सगळे हात त्यात असतात. तुळस हे झाड म्हणावे असे झाड नाही, झुडूप आहे. तिचे देठ कोवळेपणी हिरवे आणि चौकोनी असतात. वय झाले की बुंध्याकडचा भाग लाकडासारखा टणक होतो. मण्याला उपयोगी पडतो तो एवढाच भाग आणि मुळाकडचा जाड तुकडा. शेतकऱ्याकडून वाळलेली झुडपे वजनावर घेतली जातात. फांद्या छाटायच्या, साल काढायची, सरळ आणि वाकड्या काड्या वेगळ्या करायच्या, मग जाडीप्रमाणे गड्ड्या बांधायच्या. या निवडीतच माळेचे माप ठरते. बोटभर जाडीची सरळ काडी मिळणे दुर्मीळ, म्हणून मोठ्या मण्यांची माळ महाग.

काडी लेथवर लावली की ती गरगर फिरते आणि कारागीर पटाशीची धार तिला टेकवतो. आधी काडी गोल होते, मग ठरावीक अंतरावर खाचा पडतात आणि खाचांमधल्या जागेला गोलाई येते. काडीच्या मध्यावर मऊ भेंड असतो, त्यामुळे विंधण्याचे टोक त्याच वाटेने नेणे सोपे जाते. ते जरा तिरके गेले तर पातळ बाजूने मणी फुटतो. पूर्वी हा लेथ हाताने फिरवत, आता लहान मोटर असते. पटाशी धरणाऱ्या हाताला मात्र मोटरने पर्याय दिलेला नाही. एका जपमाळेला १०८ मणी आणि वर मेरुमणी लागतो. मणी एकसारखे दिसले तरी हातकामाचे दोन मणी तंतोतंत सारखे नसतात, म्हणून गाठवणारी बाई आधी ते पसरून माप लावून घेते. घरातल्या श्रमाची वाटणीही इथेच दिसते: कातणे बहुधा पुरुषांकडे, निवडणे आणि गाठवणे बायकांकडे. विकताना सांगितल्या जाणाऱ्या भावात दुसऱ्या कामाची मजुरी कितपत धरलेली असते, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

या धंद्याला खरा धक्का दिला तो यंत्रावर कातलेल्या मण्याने. मथुरा-वृंदावनाकडून येणारा माल स्वस्त असतो, आणि तुळशीच्या नावाखाली दुसऱ्याच कुठल्या लाकडाचे मणीही बाजारात खपतात. कातून, रंगवून आणि तेल लावून झाल्यावर सामान्य गिऱ्हाइकाला त्यातला फरक कळत नाही. सोन्याला हॉलमार्क आहे, चांदीला कस आहे. तुळशीच्या मण्याला विकणाऱ्याच्या शब्दापलीकडे साक्ष नाही. तरीही हा व्यवसाय टिकून आहे, कारण माळेची मागणी फॅशनवर अवलंबून नाही. आषाढी-कार्तिकी येतेच, आणि माळ घालणारा नवा माणूसही येतोच.

कर आकारणीतही तुळशीमाळेला वेगळे स्थान आहे. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला तेव्हा पूजासाहित्याच्या करमुक्त यादीत रुद्राक्ष, जानवे आणि लाकडी खडावा यांच्याबरोबर तुळशीची कंठीमाळही नावानिशी घालण्यात आली. त्याच लेथवर, त्याच हाताने, सागाच्या तुकड्यातून कातलेले मणी कानातल्यात ओवले की ते इमिटेशन ज्वेलरी ठरतात आणि त्यांच्यावर ३ टक्के कर लागतो. रक्कम लहान आहे. पण त्यातून सरकारी नजर दिसते: लाकडाचा मणी पूजेचा असला तर मान्य, लेण्याचा असला तर नकली.

पूजेबाहेरचा लाकडी दागिना हा स्टुडिओतला प्रकार. एकटादुकटा कलावंत स्वतःच नक्षी ठरवतो, स्वतःच कापतो, घासतो, गाठवतो आणि प्रदर्शनात मांडून विकतो. पंढरपूरच्या ओसरीतल्या कामाशी त्याचे नाते जवळचे असले तरी एक फरक मोठा आहे: तिथे आकार परंपरेने ठरलेला असतो, इथे प्रत्येक हंगामात नवा शोधावा लागतो. कच्चा माल बहुतेक वेळा सुताराच्या दुकानातले कटपीस. दरवाजाच्या चौकटीतून उरलेला सागाचा वीतभर तुकडा फर्निचरला निरुपयोगी, पण त्यातून कानातल्यांचे कितीतरी जोड निघतात. साग हलका आणि तेलकट असल्याने पाणी सोसतो. शिसवाची काळसर जांभळी रेघ दागिन्यात उठून दिसते. काळ्या कुड्याचे पांढरे, हस्तिदंतासारखे लाकूड रंग छान धरते. कर्नाटकात चन्नपट्टणची खेळणी त्याचीच होतात.

खान्देशाच्या वाट्याला यात एक खास झाड आले आहे, अंजन. शास्त्रीय नाव हार्डविकिया बायनाटा. धुळे आणि जळगावच्या कोरड्या डोंगरउतारांवर ते उभे असते. त्याची पाने गुरे खातात, सालीच्या तंतूंचे दोर वळतात, आणि खोडाचे खांब व शेतीची अवजारे होतात. भारतातल्या सर्वांत जड आणि कठीण लाकडांत त्याची गणना होते. गाभ्याचा सुका तुकडा पाण्यात टाकला तर तळाशी जातो. रंग गडद तांबूस, जांभळटाकडे झुकणारा. पटाशीची धार तो पाहता पाहता घालवतो, पण बारीक पेपरने घासला की पॉलिश न लावताही चकाकतो. जड असल्याने कानात लोंबणाऱ्या दागिन्याला गैरसोयीचा. मणी, पदक आणि अंगठीला उत्तम. या जिल्ह्यांतल्या कलाशाळांनी या लाकडाकडे लक्ष द्यावे असे त्याचे गुण आहेत.

लाकडाचा दागिना फसतो तो बहुधा ओलाव्यामुळे. भुसावळ-जळगावच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि हवा कोरडीठाक होते. दोन महिन्यांनी पावसाळी दमटपणा येतो. लाकूड या दोन्ही काळांत आकसते आणि फुगते, तेही सगळ्या दिशांना सारखे नाही. वाढवलयांना समांतर दिशेने ते वलयांना छेदणाऱ्या दिशेपेक्षा साधारण दुप्पट आकसते. फांदीची आडवी चकती कापून मध्ये भोक पाडून केलेली बांगडी म्हणूनच उन्हाळ्यात लंबगोल होते किंवा तडकते. बांगडीचे माप चुकून चालत नाही: बाजारातले ‘दोन-चार’ म्हणजे सव्वादोन इंच, ‘दोन-आठ’ म्हणजे अडीच. या दोन्हींत जेमतेम पाव इंचाचा फरक आहे. त्यामुळे जाणता कलावंत बांगडी एका तुकड्यातून न काढता लहान तुकडे जोडून, नस फिरवत, गोल साधतो. अंगठीत तर अडचण आणखी. फळीतून कोरलेल्या अंगठीत नस दोन ठिकाणी आडवी येते आणि बोटाच्या दाबाने ती तिथेच मोडते. त्यावर उपाय म्हणजे विनीअरची पातळ पट्टी गरम पाण्यात मऊ करून नळीवर गुंडाळणे, वाळवणे आणि थरावर थर चिकटवणे. मग नस सगळीकडून बोटाभोवती फिरते.

घासणे हा या कामातला सर्वांत कंटाळवाणा आणि सर्वांत निर्णायक भाग. ८० नंबरच्या पॉलिश पेपरपासून सुरुवात करून १२०, २२०, ४०० असे चढत जायचे. एक पायरी गाळली तर आधीच्या पेपरचे ओरखडे शेवटच्या चकाकीत उघडे पडतात. वर जवसाचे तेल आणि मेण, किंवा स्पिरिटमध्ये विरघळवलेली चपडी. सावंतवाडी आणि चन्नपट्टणच्या लाखकामाची रीत वेगळी. रंगीत लाखेची कांडी फिरत्या लाकडाला दाबून धरली की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडावर पसरते, आणि वरून केवड्याचे पान फिरवले की थर एकसारखा होऊन झळाळतो. ब्रश, ड्रायर, वाळवण काही लागत नाही. लाख आणि दागिना यांचा संबंध मराठी घरांत तसाही जुना आहे. सोन्याच्या बोरमाळेचे पोकळ मणी चेपू नयेत म्हणून त्यांत लाखच भरलेली असते.

घासण्यातून उडणारी बारीक धूळ हा या धंद्यातला न बोलला जाणारा धोका आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये लाकडाच्या धुळीची नोंद माणसाला निश्चितपणे कर्करोगकारक ठरणाऱ्या पदार्थांत केली; नाकाच्या पोकळीतला कर्करोग त्याच्याशी जोडलेला आहे. शिसवाच्या जातीतल्या लाकडांची धूळ अनेकांना त्वचेवर आणि श्वासात बाधते. एकाच खोलीत काम आणि संसार असेल तर हा धोका पोरांपर्यंत पोहोचतो. तोंडाला रुमाल बांधणे पुरेसे नाही; धूळ ओढून घेणारा पंखा आणि योग्य मुखपट्टी यांचा खर्च दागिन्याच्या किमतीत धरायलाच हवा.

शिसवाबाबत दुसरी अडचण कायद्याची. २०१७ च्या जानेवारीपासून डालबर्जिया प्रजातीतल्या साऱ्या जाती वन्यजीव व्यापारविषयक आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आल्या आणि परदेशी पाठवायच्या शिसवी वस्तूंना कागदपत्रांचा जाच सुरू झाला. भारताच्या आग्रहावरून २०२२ च्या परिषदेत खेपेतल्या प्रत्येक वस्तूत १० किलोपर्यंत लाकूड असेल तर सूट मिळते हे स्पष्ट झाले. दागिना भरतो काही ग्रॅम, तेव्हा कारागिराच्या दृष्टीने हा प्रश्न सुटल्यासारखाच आहे.

बांबूची गोष्ट याहून सरळ. भारतीय वन कायद्यातील वृक्षाच्या व्याख्येतून बांबू २०१७ मध्ये वगळला गेला, तेव्हापासून वनाबाहेर वाढवलेल्या बांबूच्या तोडीला आणि वाहतुकीला त्या कायद्याचा अडथळा राहिला नाही. विदर्भाने त्याचा फायदा उठवला. मेळघाटात लवादा येथे सुनील आणि निरुपमा देशपांडे यांनी उभारलेल्या संपूर्ण बांबू केंद्राने आदिवासी कारागिरांच्या हातून बांबूच्या राख्या करून घेतल्या. चंद्रपूरच्या मीनाक्षी वाळके यांनी चिचपल्लीच्या बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्रात शिकून राख्या आणि दागिने घडवायला सुरुवात केली, पुढे आपल्यासारख्या इतर बायकांना शिकवले, आणि त्यांचे काम परदेशापर्यंत गेले. स्टुडिओ म्हणावा असा लाकडी दागिन्यांचा संसार महाराष्ट्रात सर्वांत स्पष्टपणे दिसतो तो इथे. बांबू चिरायला सोपा आणि वजनाला हलका, पण त्यातल्या पिष्टामुळे त्याला भुंगा लागतो. म्हणून तोड पावसाळ्यानंतर करायची आणि पट्ट्या बोरॅक्स-बोरिक ॲसिडच्या द्रावणात मुरवायच्या. एवढे न करता विकलेला दागिना वर्षभरात पिठासारखा झडू लागतो आणि गिऱ्हाईक कायमचे तुटते.

खान्देशात बांबू आहे, साग आहे, अंजन आहे, आणि वनस्पतींपासून लेणी करण्याची परंपराही आहे. अक्कलकुव्याजवळच्या काठीच्या होळीत बुध्या नावाचा वेष घेतलेले आदिवासी कमरेला वाळक्या भोपळ्यांची माळ बांधून आणि डोक्यावर मोरपिसांचा टोप चढवून रात्रभर नाचतात. खान्देशात नाही ती विकण्याची सोय. पुणे-मुंबईच्या प्रदर्शनात गाळ्याचे भाडे, प्रवास आणि मुक्काम भरून लाकडी कानातल्यांतून नफा काढायचा तर आधीचे कित्येक आठवडे नुसते घासत बसावे लागते.

सरकारी मदतीकडे पाहावे तर १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ व्यवसाय आहेत. नाव नोंदवलेल्या कारागिराला अवजारांसाठी १५ हजार रुपये आणि ५ टक्के व्याजाने आधी १ लाख, मग २ लाख रुपयांचे कर्ज मिळते. यादीत सुतार आहे, सोनार आहे, खेळणी करणारा आहे, फुलांचे हार गुंफणारा मालाकारही आहे. मणी कातणारा आणि गाठवणारी यांचा वेगळा उल्लेख नाही. यादी पुढच्या वेळी वाढेल तेव्हा पंढरपूरच्या ओसऱ्यांसाठी आणि चंद्रपूरच्या बायकांसाठी त्यात एक ओळ घालावी, आणि ही मागणी खान्देशातल्या दिंड्यांनीही उचलून धरावी.