पाचशे गिगावॉटचा हिशेब

नोव्हेंबर 2021 मध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेत भारताने शब्द दिला: 2030 पर्यंत जीवाश्म इंधनांशिवायची वीजक्षमता 500 गिगावॉटवर नेऊ. म्हणजे 5 लाख मेगावॉट. कोयनेचे सगळे टप्पे मिळून 1,960 मेगावॉट भरतात. तशा अडीचशेहून जास्त कोयना!

मार्च 2014 मध्ये देशाची सौरक्षमता 3 गिगावॉटही नव्हती. जानेवारी 2025 मध्ये तिने शंभरी ओलांडली. कच्छमधल्या खावड्याला एकाच जागी 30 गिगावॉटचा प्रकल्प उभा राहतो आहे, तब्बल 72,600 हेक्टरांवर. जून 2025 अखेर देशाच्या स्थापित क्षमतेतला निम्मा वाटा बिगर-जीवाश्म स्रोतांचा झाला, त्यासाठी ठरलेल्या 2030 च्या मुदतीपेक्षा पाच वर्षं आधी.

पण क्षमता निम्मी झाली म्हणून वीज निम्मी होत नाही. घरात येणाऱ्या दर चार युनिटांपैकी साधारण तीन आजही जीवाश्म इंधनांचीच, बहुतेक कोळशाची. कोळशाचं केंद्र रात्रंदिवस चालतं. सौर पॅनेल सूर्य मावळला की थांबतं, आणि नेमके तेव्हाच घराघरांतले दिवे, पंखे सुरू होतात.

म्हणून खरे मोठे आकडे पॅनेलच्या पलीकडे आहेत. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या अंदाजाने 2031-32 पर्यंत 411 गिगावॉट-तास, म्हणजे 41 कोटी युनिट साठवण्याची सोय लागेल. मे 2024 मध्ये देशाची मागणी 250 गिगावॉटवर गेली होती. त्या वेगाने वापरली तर ही अवाढव्य साठवण पावणेदोन तासही पुरणार नाही!

आणि वाहिन्या? 2022 ते 2032 या दहा वर्षांच्या राष्ट्रीय योजनेत 1.91 लाख सर्किट किलोमीटर पारेषण वाहिन्या आहेत, खर्च 9.15 लाख कोटी. माणशी साडेसहा हजार रुपये. रोजचा वाटा 52 किलोमीटर: सीएसएमटीहून जवळजवळ कल्याण गाठण्याइतकी तार, दहा वर्षं, एकही दिवस न चुकता.

पॅनेल दीड-दोन वर्षांत बसतात. वाहिनीला जमीन, वनपरवानगी आणि मनोरे लागतात. ती मागे राहिली, तर तयार वीज जागच्या जागी वाया जाते. त्यामुळे नियोजनात तार आणि साठवण आधी यायला हवी.

त्याहून स्वस्त वाट म्हणजे ऊन असतानाच वीज वापरणं. महाराष्ट्रात कृषी फीडर सौरऊर्जेवर आणून शेतकऱ्याला दिवसा वीज देण्याची योजना सुरू आहे. ती पुरी झाली, तर रात्रीची मागणी बॅटरीशिवायच उतरेल आणि शेतकऱ्याला अंधारात पंप सुरू करायला जावं लागणार नाही. 500 गिगावॉटचं यश अशाच कामांवरून मोजलं पाहिजे.