खडी गंमत आणि फाशांचा खेळ

१९७४ साली अमेरिकेत आलेल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मध्ये नियम असतात, फासे असतात, गोष्ट पुढे नेणारा सूत्रधार असतो, खेळाडू काय करील ते मात्र लिहिलेले नसते. मला यात आपली वऱ्हाडी-झाडीची खडी गंमत दिसते. कथेचा सांगाडा ठरलेला, बतावणी ऐन वेळची. एकाने फेकलेला शब्द दुसऱ्याने झेलला नाही, तर रंग गेलाच.

‘बाल्डर्स गेट ३’ (२०२३) या संगणकीय खेळात वाटा पुष्कळ, पण प्रत्येक वाट कुणीतरी आधी आखलेली. पहारेकऱ्याला चहा पाजून फितवतो म्हटले, तर सूत्रधार हसून फासा टाकायला सांगेल. संगणकाला ते ऐकूच जात नाही. स्वातंत्र्य मिळते ते ऐकणाऱ्यामुळे. सीताबर्डीच्या फुटपाथावर घासाघीस करणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको.

आमच्याकडच्या पोरांनी खडी गंमत मोबाइलवर पाहिली आहे. समोर बसून सोंगाड्याला टोमणा मारून पाहिलेला नाही.